भट्टीकडून तळ्याकडे

प्रिय गारठ्या,

हे पत्र तुझ्या ताईंच्या नावावर टाकतोय. कात पुरती टाकून होईपर्यंत तुला माणूस होता येणार नाही आणि तुझ्या त्या ओल्या पंजात कागद टिकायचा नाही, तेव्हा काठावर बसून त्याच तुला वाचून दाखवतील. ताई, मधे कुठे फारच लाडात आलो तर आवाज जरा खाली घ्या. तळ्यात बाकीचेही ड्रॅगन आहेत, आणि हा लाजला की याच्या नाकातून बर्फ भुरभुरतो.

इकडे सगळं ठीक. काचेच्या कारखान्यात तुझ्या जागी तात्पुरता नवा मेकॅनिक आलाय. गार हवेची यंत्रं बरी ठेवतो, पण बडबड्या आहे. माझं ऐकून घ्यायच्या आधीच स्वतःचं सुरू करतो. त्याच्याशी भांडायलाही मजा येत नाही. तुझ्याशी मी महिनोन्‌महिने भांडलो, त्या यंत्रांच्या घरघरीवरून, तू भट्टीजवळची दारं उघडी टाकायचास त्यावरून, आणि तू फक्त पान्हा पुसत उभा राहायचास. तेव्हा वाटायचं, हा माणूस आहे की दगड!

भट्टीची भिंत तडकली तो दिवस मी इथे कितीदा आठवतो, सांगून खरं वाटणार नाही. वितळलेली काच फरशीवरून दाराकडे निघाली, सगळे पळाले, शेडमध्ये कुणी उरलं नाही असं बघून मी रूप बदललं आणि आडवा झालो. आम्ही आगीकडचे, काच आम्हाला भाजत नाही. पण अडवण्यापलीकडे मला काही करता येईना. ती माझ्या पोटाखालून, शेपटीवरून वाट काढतच होती. एवढ्यात यंत्रांच्या खोलीतून निळसर, लांबलचक असं काहीतरी सरपटत आलं आणि त्यानं एक श्वास सोडला. काच तडतडत जागच्या जागी थिजली. मी मान वळवली तर तू. पत्र्याच्या त्या ठेंगण्या छपराखाली दोघांचे पंख दुमडलेले, माझं एक शिंग तुळईत अडकलेलं. मला वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलेल. तू माणूस झालास, इकडेतिकडे बघितलंस आणि म्हणालास, "मागचा पंप चालूच राहिलाय." आणि गेलास बंद करायला. त्या वेळी मी तुझ्या प्रेमात पडलो. शिंग सोडवायला मात्र तू परत आलास, हे कबूल करतो.

पुढे एकत्र घर मांडलं, तेही काही सोपं नव्हतं. मला खिडक्या बंद लागतात, तुला सताड उघड्या. मी उकळता चहा घशात ओततो, तू तो विसरल्यासारखा ठेवून पार गार करतोस. रागावलो की माझ्या तोंडून ठिणग्या उडतात, आणि तू रागावलास हे मला दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी गोठलेलं बघून कळतं. पण झोपेत तुझी पाठ माझ्या पाठीला टेकली की मधे मऊ वाफ धरायची, सकाळी सगळ्या काचा धुरकटलेल्या असायच्या. परवा घर आवरताना त्या काचा अगदी लख्ख दिसल्या. बघवेना.

आई येऊन गेली. हो, आपल्या घरी. पाण्याकडच्याबरोबर राहिलं की आगीकडच्याची आग विझते, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की आपण घर मांडल्यापासून तिनं उंबरठा ओलांडला नव्हता. तू कात टाकायला तळ्याकडे गेल्याचं कळलं तशी आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, शेगडी पेटव, काडी न लावता. मी फुंकर मारली. जरा जास्तच लागली, तुझा तो आवडता पडदा गेला, त्याबद्दल नंतर बोलू. आईनं जळक्या दांडीवरची काजळी बोटानं पुसून बघितली. मग म्हणाली, "विझला नाहीस की रे." आवाज असा होता की मला तिच्याकडे बघता येईना. नंतर तिनं खोदून खोदून विचारलं, तो खातो काय, त्याला इतक्या थंडीत सर्दी होत नाही का, त्याची आई आहे का. जाताना म्हणाली, त्याचे वडीलही वर नाहीत म्हणे, पाण्यातच असतात ना रे? मी हो म्हटलं.

तेच माझ्या डोक्यात घोळतंय. कात टाकल्यावर तुमच्यातले पुष्कळजण वर येतच नाहीत, पाणी त्यांना सोडत नाही, तुझे वडीलही तसेच राहिले आणि सुखात आहेत. बस सुटताना तू खरं तेच सांगितलंस, "माझं काय होईल मला ठाऊक नाही." आणि मी, ज्याच्या तोंडाला एरवी खीळ नसते, नुसता उभा राहिलो. काय बोलायला हवं होतं ते आता सुचलंय, म्हणून हे पत्र.

मालक विचारत होते, तुझी नोकरी राखून ठेवू का. म्हटलं, त्याचं तो ठरवेल, पण माझी ठेवू नका. ताईंच्या गावात बाटल्यांची छोटी भट्टी आहे, तिथे माणूस हवाय. पाण्याकाठच्या गारठ्यात आगीकडचं कुणी आजवर राहिलेलं नाही, मला जमेल की नाही देव जाणे. आईनं स्वेटर विणायला घेतलाय. आमच्या घराण्यात तो कुणी कधी घातलेला नाही, त्यामुळे एक बाही गुडघ्यापर्यंत आली आहे, पण उसवू देत नाही. तेव्हा माझ्यासाठी म्हणून वर यायची घाई करू नकोस. पाणी सोडवत नसेल तर नको सोडूस. मी काठावर चूल मांडतो. संध्याकाळी तेवढा भेटायला येत जा.

तुझाच,
आगडोंब