भिंत ओळ देत नाही

तीर्थरूप आसारामनानांस,

तुमची नात, म्हणजे तुमच्या पुतण्याची मुलगी सुवार्ता, हिचा प्रभूच्या नावाने सलाम. सोबत घरच्या सगळ्यांचा, मंडळीचा आणि (त्यांनी दोनदा आठवण केली म्हणून) पाळकसाहेबांचाही सलाम. इकडे पाणी सोडून सगळं आहे. टँकर येतो, पण कधी येईल ते टँकरलाही माहीत नसतं, त्यामुळे सगळं गाव एक कान रस्त्याकडे ठेवून कामं करतं. चर्चमध्येही तसंच. परवा प्रार्थना चालू असताना बाहेर हॉर्न वाजला आणि ‘आमेन’ व्हायच्या आधीच बायकांची बाजू रिकामी झाली.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं सरूआत्याने नगरहून कळवलं. डॉक्टरांनी वाचायची मनाई केली आहे, म्हणून हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवील. (सरूआत्या, कंसातलं मनात वाच. मध्येच का थांबलीस असं त्यांनी विचारलं तर ठसका लागला म्हण.) हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देता आणि माझं वाक्य अर्ध्यातच राहतं. अर्धं वाक्य सोडू नये हे मला तुम्हीच शिकवलं. शाळेत नाव घालायच्या आधी शेळ्यांमागे हिंडताना तुम्ही माझ्याकडून गीतं पाठ करून घ्यायचात, आणि एक शब्द चुकला की बाभळीपर्यंत मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणत यायला लावायचात. आमच्या शेळ्यांनाही पहिली कडवी पाठ झाली असतील.

तर जे झालं ते मी पहिल्यापासून लिहिते. तुम्ही एस.टी. स्टँडवर लोकांना एक सांगून गेलात, लोक एकमेकांना दुसरं सांगतात, आणि माझ्या मनात तिसरंच चालू असतं.

ते प्रोजेक्टरचं यंत्र मी आणलं नव्हतं, ते आलं. मी टायपिंग करते त्या दूध संस्थेने ते सभासदांना जनावरांची निगा शिकवायला घेतलं होतं. यंदा जनावरंच चारा छावणीत गेली, दूध आटलं, आणि यंत्र कपाटात पडून राहिलं. आमचे अध्यक्ष बबनराव म्हणाले, “बाई, इथं ते धूळ खातंय. तुमच्या देवाच्या कामाला तरी येऊ द्या.” पाळकसाहेबांना तर आनंदाने राहवेना. गीतांची पुस्तकं कमी, त्यातली निम्मी उसवलेली. भिंतीवर गीत पडलं तर सगळ्यांनी मान वर करून गावं, अशी त्यांची कल्पना. टायपिंग येतं म्हणून काम माझ्याकडे आलं. मी एकेक गीत पुस्तकातून बघून, स्वल्पविरामासकट उतरवून घेतलं. नुसत्या पाठांतराच्या भरवशावर देवाच्या घरच्या भिंतीवर काही लिहायला माझा धीर झाला नाही.

आणि तिथेच घोळ झाला.

हंगामाच्या सणाचं आपलं गीत, ‘तुझ्या दारी आलो देवा’, पुस्तकात असं आहे की दुसऱ्या कडव्यात पाऊस मागायचा आणि तिसऱ्यात पेरायचं. आपली मंडळी मात्र माझ्या जन्माच्या आधीपासून दुसऱ्यात पेरते आणि तिसऱ्यात पाऊस मागते, कारण ओळ तुम्ही देता. (नगरच्या मोठ्या चर्चमध्ये ही पद्धत नसेल, सरूआत्या, पण तुला आठवत असेल: मंडळीने ओळ उचलायच्या आधी नाना तिचे पहिले शब्द एका दमात मोठ्याने म्हणतात आणि सगळे मागून गातात. पुस्तक असलेले आणि नसलेले, दोघेही.) मी लहानपणी कारण विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “अगं, पाऊस आल्यावर बी हुडकतीस का? आपण धूळपेरणीची माणसं. आधी दाणा मातीत टाकायचा, मग वर बघायचं.” मला ते तेव्हाही पटलं होतं, आत्ताही पटतं. पण पुस्तकात तसं नाही, नाना.

त्या रविवारी सणाच्या तयारीसाठी ते गीत घेतलं. तुम्ही ओळ दिली ‘मूठभर दाणा मातीत पडे’, भिंतीवर आलं ‘आभाळाचे कवाड उघड’. पुढचे बाक भिंतीबरोबर गेले, मागचे तुमच्याबरोबर. अर्धी मंडळी पाऊस मागत होती, अर्धी पेरत होती, तबलजी मध्येच उभा राहून दोन्हींकडे बघत होता. मी घाबरून बटण दाबलं, तर चौथंच कडवं आलं आणि लहान मुलांनी एकदम कापणीला सुरुवात केली. तुम्ही एवढंच म्हणालात, “चालू द्या भिंतीचं,” आणि खाली बसलात. दुसऱ्या दिवशी टँकरचं पाणी सोसत नाही म्हणून नगरची गाडी धरलीत. हे पाणी आम्ही सगळेच पितो, नाना, आणि तुमच्याइतकं निरोगी आमच्यात कोणी नाही.

ते असो. तुम्ही गेल्यावर इकडे सगळं सुरळीत चालू आहे हे तुम्हाला कळावं म्हणूनच हे पत्र. भिंत अगदी वक्तशीर आहे. ती रागावत नाही, उशिरा येणाऱ्याकडे चष्म्यावरून बघत नाही. फक्त एक अडचण आली. प्रत्येक कडव्यानंतर तुम्ही खोकायचात ना, मंडळी अजून त्या खोकल्यासाठी थांबते. कडवं संपतं, भिंतीवर पुढचं येतं, पण कोणी गात नाही. सगळे शांतपणे भिंतीकडे बघत उभे राहतात. पाळकसाहेबांनी एकदा स्वतः खोकून पाहिलं, तर लोकांना वाटलं त्यांना काही जाहीर करायचं आहे, आणि सगळे बसले. शेवटी मी दोन कडव्यांच्या मध्ये एक कोरं पान घातलं. ते कोरं पान आलं की मंडळी मनात तुमचा खोकला ऐकते आणि मग पुढे जाते. (सरूआत्या, हे मात्र मोठ्याने वाच.)

दुसरा प्रसंग लिहू की नको असं झालं आहे, पण तुम्हाला तो बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेला बरा. बबनराव आपलं यंत्र कसं वापरतात ते बघायला एका रविवारी चर्चमध्ये आले. टोपी सारखी करून पहिल्या बाकावर बसले. अध्यक्ष समोर बसले की माझी बोटं ऑफिसातल्यासारखी चालतात. अर्पणाच्या गीताचं दुसरं कडवं आणायचं होतं, आणि आली त्याच लॅपटॉपवर टाइप करून ठेवलेली संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस. मला वाटलं, लोक थांबतील. लोक थांबले नाहीत! आता भिंतीवर येईल ते गायची सवय झाली आहे ना. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे त्यांनी अर्पणाच्या चालीत अगदी मनापासून उचललं. मी बटणं दाबत गेले तशी नोटीस आणखी मोठी होत गेली. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ ही ओळ तर बायकांच्या बाजूने दोनदा घेतली, आणि तबलजीने वर छानशी तिहाई दिली. जे अर्पणाचं गीत ही मंडळी झोपेतही म्हणू शकते, त्याचा एक शब्द कोणाला आठवला नाही.

बबनराव हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाले, “इतकी वर्षं सहकारात काढली, पण संस्थेसाठी अशी प्रार्थना कुणी केली न्हाई बघा.” मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण पाळकसाहेबांनी माझ्या पायावर पाय दिला. (ही लबाडी झाली का, यावर मी तेव्हापासून विचार करते आहे. बोलले नाही ती मी, पण पाय त्यांचा होता.) पुढे संस्थेच्या सभेला कोरम भरला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं म्हणतात.

हे सगळं हसून सोडलं असतं, पण वत्सलाबाई आली. आपल्या मंडळीतल्या ऊसतोडीच्या टोळीत ती सगळ्यांत जुनी, हे तुम्हाला सांगायला नको. यंदा आपल्याकडे ऊसच नाही, म्हणून टोळी लांब कोल्हापूरकडे जाणार आहे. रविवारी सणाची उपासना झाली की सोमवारी ट्रॅक्टर निघतील. ती दारात बसली, पदराने वारा घेतला आणि म्हणाली, “सुवार्ता, तेवढी ती भिंत आमच्या ट्रॅक्टरात घालून दे बाई.”

मी म्हटलं, “म्हणजे काय मावशी?”

“म्हंजे काय म्हंजे? फडात भिंत कुठं हाय? कोपी असती पाचटाची. तिथं पहाटं मोळ्या बांधताना गायचं काय, नोटीस?”

मला हसू आलं, पण ती हसली नाही. म्हणाली, पोरी लहान असल्यापासून दर वर्षी निघायच्या आधी नाना आम्हाला ओळी द्यायचे, सहा महिने त्यावर निघायचे. तिकडे चर्च नाही, पाळक नाही, रविवारची सुट्टी नाही. जे तोंडात असेल तेवढंच आपलं. यंदा धाकटीला एक गीत धड येत नाही. ती भिंतीकडे बघून पोपटासारखी गाते, आणि लाइट गेली की “लाइट येऊ द्या, मग म्हणते” असं सांगते. “तू शिकलेली हायस,” वत्सलाबाई म्हणाली, “दोन दिस बसून पोरींकडून म्हनून घे.”

मी गेले, नाना. लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवून गेले. पोरी ओळीने बसल्या, ‘तुझ्या दारी आलो देवा’ झकास झालं, आणि दुसऱ्या कडव्याशी येऊन मी थांबले. मला पाऊसही आठवत होता आणि दाणाही आठवत होता. पण आधी काय द्यावं तेच ठरेना. तुमचा क्रम दिला तर पुस्तकाशी बेइमानी, पुस्तकाचा दिला तर या पोरींच्या आईबापांशी. मी तशीच तोंड उघडं ठेवून उभी, आणि धाकटी आईला विचारते, “हिची बी लाइट गेली काय?”

वत्सलाबाई मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. वाटेत म्हणाली, “नाना का म्हून गेले गं?” मी म्हटलं, टँकरचं पाणी सोसत नाही म्हणून. ती म्हणाली, “नगरात पानी लई हाय. पर आमचे नाना पान्यासाठी जाणाऱ्यातले न्हाईत.”

तर इकडचं हे असं आहे. तुम्ही कसलीही काळजी करू नका. तुमच्यावाचून इथे काही अडलेलं नाही. डोळ्यांत औषध वेळेवर घालून घ्या, उन्हात जाऊ नका, आणि सरूआत्याच्या हातचं दोन घास जास्त खा. थोरांना सलाम, लहानांना पापा.

तुमची आज्ञाधारक नात,
सुवार्ता

ता. क. वर ‘काही अडलेलं नाही’ असं लिहिलं ते खोडायचं म्हटलं तर पान खराब होतं, म्हणून इथे लिहिते: अडलं आहे. संस्थेची दुधाची गाडी शनिवारी सकाळी नगरला येते आणि दुपारी रिकामी परत फिरते. बबनरावांनी ड्रायव्हरला सरूआत्याचं घर समजावून सांगितलं आहे. पुढे बसा, काच वर करा, काळा चष्मा काढू नका. वत्सलाबाईच्या पोरी शनिवारी संध्याकाळी आपल्या अंगणात येऊन बसतील. तुम्ही आलात तरी बसतील आणि नाही आलात तरी बसतील, त्यांना तसंच सांगून ठेवलंय.

पुन्हा ता. क. कडव्यांचा क्रम मी भिंतीसाठी बदललेला नाही, कारण पुस्तक पुस्तकाच्या जागी बरोबर आहे. पण रविवारी यंत्र चर्चमध्ये नसेल. संस्थेचं पशुखाद्याचं शिबिर त्याच सकाळी ठेवावं, असं बबनरावांना कोणीतरी सुचवलं आणि त्यांना ते पटलं. सुचवणं म्हणजे लबाडी नव्हे, असं मला वाटतं. तुमचं मत आल्यावर सांगा. आधी काय पेरायचं आणि मग काय मागायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही मागून येतो.

फक्त सरूआत्यासाठी: एवढं ऐकूनही ते ‘बघू’ म्हणतील. तू वाद घालू नकोस. फक्त भांडी घासता घासता सहज सांग की नाना आले नाहीत तर रविवारी ओळ स्वतः पाळकसाहेब देणार आहेत. हे मी रचून सांगत नाही गं. मंगळवारपासून ते चर्चमध्ये दार लावून सराव करताहेत, आणि काल बबनराव फाटकाशी थांबून मला काळजीने विचारत होते, आत कुणाचं काही फार दुखतंय का?