भुऱ्याले काय दिलं?

२४ ऑगस्ट
पोळ्याच्या गर्दीत बैलाचा पाय भुऱ्याच्या पंजावर पडला. दोन दिवस झाले, कुत्रं तीन पायांवर चालून राह्यलं. सौ. म्हणे, "डॉक्टरले दाखवा." म्हटलं, घरचं मेडिकल असून डॉक्टर कायले? दुकानातली सूज-दुखण्याची गोळी गुळात गुंडाळून देली. गुळाच्या लालचीनं शेपूट हालवत खाल्ली. रोज दोन द्यायच्या.
इंझोरीतलं अर्धं गाव माह्याच दुकानात दवा विचारते. माणसाची, बकरीची, बैलाची. वीस वर्षं झाली. भुऱ्या तं घरचाच.

२६ ऑगस्ट
लंगडणं कमी. सौ.ले म्हटलं, पाह्यलं? गोळ्या चालूच ठेवल्या.
नामदेवकाका नेहमीसारखे दुकानापुढच्या बाकावर पेपर घेऊन. म्हणे, "दिलीप, तुह्या हाताले गुण हाय." फुगलो मी. चहा सांगतला.

२८ ऑगस्ट
काल गणपती बसले. भुऱ्यापुढे मोदक टाकला, त्यानं तोंड फिरवलं. मोदकावरून तोंड! दोनदा ओकला. हागवण काळी, डांबरासारखी.
आता डॉक्टर पाहणं आलं. जवळच्या म्हणजे म.पीरच्या, मंगरूळपीरच्या, जनावरांच्या डॉक्टर मॅडम. पण मागच्या वर्षी त्या दुकानात आल्या होत्या, चार गिऱ्हाइकांपुढे म्हणाल्या, "भाऊ, जनावरांना माणसांच्या गोळ्या कोणत्या हिशोबानं देता?" मीही कमी नाई. म्हटलं, "मॅडम, तुमी शाळेत होत्या तवापासून देऊन राह्यलो." लोक हासले. आता त्याच मॅडमच्या दारात कुत्रं घेऊन कोणत्या तोंडानं उभा राहू?
वाशीमले नेतो. सौ. : "इतक्या दूर कायले?" म्हटलं, तिथं मशिनी हाय.

२९ ऑगस्ट
वाशीम. गाडी करून गेलो. भुऱ्या सौ.च्या साडीचं जुनं अंथरूण घेऊन मागच्या सीटवर पडून. डॉक्टर बोलायले गोड, मले सर म्हणे. विचारलं, "घरी काही औषध दिलं का?"
"नाही."
निघून गेलं तोंडातून. डी.फार्म. झालेला माणूस मी, गोळीचं नाव सांगायची लाज वाटली.
पाय सुजलेलाच होता, म्हणून त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन भरलं. बाटलीवरचं नाव वाचलं मी. माह्या गोळीच्याच जातीचं. तवा तरी बोलाव का नाई? सुई आत जाईपर्यंत वेळ होता. नाई बोललो.
घरी सांगतलं, डॉक्टर लय चांगला, फालतू विचारपूस करत नाई.

३० ऑगस्ट
सकाळी उलटीत रक्त. सौ. रडली. मंग माह्याकडे पाहून, "तुमी गोळ्यांचं सांगतलं ना त्याले?"
हो म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं.

३१ ऑगस्ट
रविवार, तरी म.पीरले गेलोच. मॅडमनं दार उघडलं. ओळखलं मले, दिसलं त्यांच्या डोळ्यात. फरशीवर बसल्या भुऱ्याजवळ, ओठ वर करून हिरडी दाबून पाह्यली. म्हणाल्या, "काय दिलं?"
काई दिलं का, असं नाई. काय दिलं. अन् थांबल्या.
सकाळपासून गोळ्यांचं पाकीट खिशातच होतं. काढून त्यांच्यापुढे ठेवलं. वाशीमच्या इंजेक्शनचंही सांगतलं.
मी बोलणे खायच्या तयारीनं गेलतो. त्या एवढंच म्हणाल्या, "तिथं सांगितलं असतं, तर ते इंजेक्शन तरी टळलं असतं." सलाईन लावता लावता समजावत होत्या. ही गोळी कुत्र्याले सोसत नाई. पोटात जखमा होतात, मंग किडनी. आधी काळी हागवण, मंग ओकणं, खाणं बंद. "काही कुत्री आठ दिवसांत जातात."
सलाईन धरून उभा होतो. मनात आठ दिवस मोजले. भुऱ्याचे नाई.
खंड्या.

१ सप्टेंबर
लिहूनच टाकतो.
खंड्या नामदेवकाकांचा. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात पायात काटा मोडला होता, पाय सुजला. काका बाकावरून उठून आत आले, "दिलीप, काई देतं काय?" देली. हेच पाकीट. काळी हागवण झाली तं म्हटलं, उन्हाचं होते. आठव्या दिवशी खंड्या गेला. काकांनी विचारलं, कशानं गेलं असन रे? मी म्हणालो, "वय झालं होतं, काका."
चार वर्षांचा होता खंड्या. काकाले काई वय समजत नाई थोडंच. पण मी म्हटलं म्हणून मानलं त्यायनं. बाकावर बसून लेकरासारखे रडले. मी चहा पाजला.
तवा मले माहीत नव्हतं, हे खरं. पण मॅडम त्याच्यानंतर महिनाभरानंच तर दुकानात येऊन सांगून गेल्या होत्या. तवा कळून घेता आलं असतं. मी लोकं हासवले.

३ सप्टेंबर
रोज म.पीर, रोज सलाईन. दुकान अर्धा दिवस बंद. रक्ताचा रिपोर्ट अजून खराबच. मॅडम म्हणाल्या, सोमवारी परत तपासू, आताच काही सांगत नाही.
आज सौ. संग होती, येता येता तिले खरं सांगतलं, वाशीमचं. म्हटलं, तो डॉक्टर वाईट नव्हता, मीच असा पाह्यला का ज्याच्यापुढे खोटं खपन. सौ. कारंजा फाट्यापर्यंत भुऱ्याच्या अंगावरून हात फिरवत राह्यली. मंग म्हणे, "अन् नामदेवकाकाले?" खंड्याचं मी तिले सांगतलंच नव्हतं. काकांकडून खंड्याच्या गोळ्यांचं ऐकलं असन, तिनं आपल्याआपण जोडलं.

५ सप्टेंबर
दुकानावर कागद चिकटवला, 'येथे जनावरांसाठी औषध मिळणार नाही.' काकांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला.
"काहून रे? आता आमी कोणाकडे जाव?"
"म.पीरच्या मॅडमकडे. चांगल्या हाय."
"पण हे कायले लावलं?"
आता. आता सांग, म्हटलं मनात. तोंडातून निघालं, "नियम आला, काका."
काकांनी मान हालवली. "असन बाप्पा. पण माह्या खंड्याले तू गोळ्या देल्या होत्या, जाता जाता त्याले तेवढा आराम पडला. मी साऱ्यायले सांगतो." मंग दुकानाच्या दारात पडलेल्या भुऱ्यापाशी उकिडवे बसले, त्याच्या कानामागे खाजवत राह्यले. भुऱ्यानं डोळे मिटले.
मी आत जाऊन उगाच खोके मोजले.

७ सप्टेंबर
भुऱ्यानं अर्धी वाटी ताकाचं पाणी पेलं. ओकला नाई. उद्या रिपोर्ट.
संध्याकाळी काका आले. पोतडीत पिलू. भुरकं, कान लोंबते. म्हणे, "भावाच्या वावरातून आणलं. नाव तू ठेव, खंड्याचं तूच केलं होतं सारं."
पिलू माह्या हातात देलं त्यायनं. बोट चोखायले लागलं.
म्हटलं, "काका, बसा. खंड्याचं सांगाचं हाय तुमाले."
काका बाकावर बसले. पेपर घडी करून बाजूले ठेवला.
"सांग."