तळे खणणारा कोण?

नरपड,
फाल्गुन वद्य पंचमी, १९५९

तीर्थरूप दादांच्या पायांवर महादेवाचे डोके.

मसोलीला आपला दमा कसा आहे? वहिनींचा गुडघा? आम्ही मारुतीच्या कृपेने बरे, म्हणजे हनुमान जयंतीच्या नाटकापर्यंत टिकलो तर बरे. देवळामागचे तळे कसे झाले, यावर मी नाटक लिहिले हे आपणांस ठाऊक आहेच. (लिहू नकोस, असे आपण म्हणाला होता. ऐकायला हवे होते.)

गोष्ट साधी होती: दुष्काळ पडला, गावाने तळे खणले, पाणी लागले. पण तालमीची बातमी फुटली आणि चिकूवाडीवाले गोविंदराव येऊन बसले. तळे त्यांच्या आजोबांनी खणले म्हणे. घातले आजोबा. मग आनंदीबाई आल्या, "आमचे मामंजी का नाहीत?" घातले मामंजी. दुसऱ्या तालमीला त्या पुन्हा कडाडल्या, "ते एवढा वेळ उभे कसे? बसायला द्या काहीतरी!" दिली खुर्ची. मग गोविंदरावांच्या आजोबांना हातांची खुर्ची लागली. आता, दादा, तळ्यात पाण्यापेक्षा पूर्वज जास्त झाले आहेत. सगळे खुर्चीवर बसून हुकूम सोडतात आणि खणायला कोणी नाही!

म्हणून पाड्यावरच्या चैत्याला बोलावले. त्याने दोन घाव मारले आणि मला विचारले, "मास्तर, या खणणाऱ्याचं नाव काय?" माझ्या वहीत नुसते 'एक माणूस' असे होते. तो म्हणाला, "माझा आजा लडक्या खणीत व्हता. त्याचं नाव घाला, नायतर मी नाय खणणार."

गोविंदराव हसले, "तुझ्या आजाला लिहायला येत होतं का रे?"

"नाय शेट. खणायला येत व्हतं."

तेव्हापासून तालीम बंद आहे. नाव घातले तर गोविंदराव मांडव घालू देणार नाहीत, न घातले तर चैत्या येणार नाही. मारुतीपुढे जप करायला बसतो, तर ओठांवर रामाऐवजी लडक्याच येतो.

आपला,
महादेव

ता. क. पहिली खुर्ची मी आपल्याच आजोबांसाठी लिहिली होती. वर सांगायचे राहिले. काल खोडली.

दुसरा ता. क. दसऱ्याला आजोबांची म्हणून आपण पुजतो ती कुदळ नाटकाला येताना घेऊन या. आजोबांनी ती कधी हातात धरली नाही, ती लडक्याची, हे आईने आपल्या दोघांनाही सांगितले होते. नाव घातले आहे. मांडव नसला तर तळ्याच्या काठावर करू. कुदळीवरचे कुंकू पुसू नका. चैत्याच्या तळव्यांना लागले तर लागू द्या.