कपाळावरची पेन्सिल

काका, उद्या सकाळी मी तुमची एक काच धुवायला जाणार आहे. वीस वर्षं उशीर झालाय, पण धुतल्याशिवाय घरी परत यायचं नाही असं ठरवून टाकलंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढी वर्षं काय करून राहिली होती वं?" त्याचंच उत्तर लिहायला बसले आहे. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा संपवून आले, पोरांच्या चित्रवह्यांचा गठ्ठा तसाच पडलाय, आणि स्टोव्हवर ठेवलेला चहा विसरले तो आटून गेला.

तुमच्या मुलाने इतवारीतलं फोटोचं दुकान विकलं तेव्हा निगेटिव्हच्या जुन्या काचांच्या पेट्या भंगारात घातल्या नाहीत, हे त्याचे उपकारच. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात आता फोटोंचं संग्रहालय उघडलंय, तिथे त्याने त्या देऊन टाकल्या. मागच्या रविवारी मी नंदनवनहून दोन बस बदलून गेले. तुमचा लाकडी कॅमेरा तिथे दोरी बांधून ठेवलाय, कुणी हात लावू नये म्हणून. आपण त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचो. पुढच्या खोलीत काचा मांडल्यात, मागून उजेड सोडलेला, आणि प्रत्येकीशेजारी तिचा कागदावरचा नवा फोटो. चौथ्या काचेपाशी मी थांबले. पस्तिशीची बाई, डोक्यावरून पदर, गळा आणि हात पदरात झाकलेले, कपाळ कोरं. खाली पाटी: 'विधवा, नागपूरजवळचं खेडं.' ती विधवा नव्हती, काका. तिला विधवा मी केलं होतं.

ती नवऱ्याबरोबर बुटीबोरीकडून भांडी घ्यायला आली होती. लग्नसराईचे दिवस, बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. ड्रॉइंगची परीक्षा पास झालेली पोरगी म्हणून तुम्ही मला ठेवून घेतलं होतं, आणि बायकांचे पदर सारखे करायला बाईमाणूस लागतं म्हणूनही. मी तिला स्टुलावर बसवते आहे. ती म्हणते, "मले नाही बसाचं वं बाई, जीव घाबरून राहिला." नवरा पडद्याआडून हसतो, "बस ना वं, फोटो काही चावत नाही." मी तिचा पदर गळ्याशी ओढून घेते, हात झाकते. मंगळसूत्र गेलं आत, बांगड्या गेल्या आत. उन्हातून आलेली, घामाने कुंकू ओघळून मुगाच्या दाण्याएवढं उरलेलं, तेही जरा डावीकडे सरकलेलं. हे सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण काचेवर सगळं उलटं. केस पांढरे, चेहरा काळा, आणि जे फोटोत काळं यायचं ते कुंकू काचेवर उजेडाचा नुसता कोरा ठिपका. धूळ बसली तरी असाच ठिपका राहतो, आणि असे ठिपके टोकदार पेन्सिलने भरून काढायचे, हेच तर माझं काम. दिवसाला वीस-पंचवीस चेहरे हाताखालून जात होते. मी ठिपका पाहिला आणि भरला. कोण बाई, काय बाई, बघितलंच नाही. तुमच्यासारख्या गोल वळशांनी नाही, माझ्या त्या स्वल्पविरामासारख्या बारीक रेघांनी. इतकं सफाईने की तुमच्याही नजरेतून निसटलं.

महिन्याने तिचा नवरा एकटाच आला. बायको दहा दिवसांच्या तापात गेली होती आणि भिंतीवर लावायला त्याला तो फोटो हवा होता. तुम्ही तयार ठेवलेला फोटो त्याच्या हातात दिला. त्याने फोटोतल्या कपाळावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "मास्तर, मी जित्ता आहो ना गा. मंग हिचं कुंकू काहून पुसलं?"

मी आतल्या दारात उभी, हातात पेन्सिल. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "माही नजर चुकली भाऊ. चूक माही आहे." ब्रश घेऊन फोटोवर कुंकू रेखलंत, आणि वाळेपर्यंत तो माणूस फोटो छातीपासून दूर, दोन्ही हातांवर आडवा धरून बसला. तो गेल्यावर तुम्ही आत आलात. आवाज चढवला नाहीत. "आधी माणूस पाहाचं, मंग डाग," एवढंच म्हणालात. वर सांगितलंत, काच टर्पेंटाइनने धुवून पेन्सिल काढून ठेव, पुढे त्याच्या लेकराबाळांनी फोटो मागतला तर पुन्हा तेच नको व्हायला. आठ दिवस तुम्ही माझ्या हाती पेन्सिल दिली नाहीत, नुसते पुठ्ठे कापायला लावलेत. मला राग आला. काच मी तशीच पेटीत सारली आणि तुम्ही विचारलंत तेव्हा "धुतली" म्हणून सांगितलं. तुम्ही पेटी उघडून बघितली नाहीत. माझ्या लग्नात तर तुमचं पितळी भिंग मला देऊन टाकलंत.

तेच भिंग घेऊन बुधवारी मी पुन्हा संग्रहालयात गेले आणि ही विधवा नाही, हिचं कुंकू माझ्या पेन्सिलीने गेलंय, असं सांगितलं. तिथले प्रमुख पुण्याकडचे, वयाने लहानच, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, या काचेवर तर पेन्सिल लागलेलीच नाही. आम्ही सगळ्यांना हेच दाखवतो, बिनरंगरंगोटीचा चेहरा म्हणून. तुमच्याकडे काही कागद आहे का?" मी म्हटलं, कागद नाही, हात आहे. माझं डोकं सणकलं होतं. कुणाच्या मरणाची खोटी पाटी लावायची आणि वर मलाच कागद मागायचा. त्यांना म्हटलं, एका जित्या माणसाला तुम्ही मारून ठेवलंय, आणि त्या माणसाने हे एकदा आधीच सोसलंय. भिंग त्यांच्या हातात दिलं आणि काच तिरपी धरायला लावली. बराच वेळ पाहिल्यावर त्यांना त्या रेघा दिसल्या. "अरे बापरे," एवढंच म्हणाले.

आज शाळेतून परस्पर तिकडेच गेले. पाटी बदलायला ते तयार होते. 'स्टुडिओच्या चुकीमुळे कुंकू पुसले गेले' असा मजकूर त्यांनी लिहून ठेवला होता. मी स्टुडिओ खोडून माझं नाव घातलं, पूर्ण नाव, सासरचं आणि माहेरचंही. ते म्हणाले, कशाला मॅडम, तुम्ही शाळेत शिकवता. मी म्हटलं, म्हणूनच. एकदा ते दुसऱ्याने स्वतःवर घेतलंय, आता नाही.

इथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले. मग त्यांनी विचारलं, "ही पेन्सिल आता निघेल का? निघत असेल तर एक प्रत काढून ठेवतो आणि तुमच्याच हातून काढून घेतो." पर्समध्ये टर्पेंटाइनची बाटली होती, कापूस होता. पाच मिनिटांचं काम. आणि मी म्हणाले, "नाही निघायची, फार जुनी झाली." तेच तोंड, तसंच खोटं. बसमध्ये बसल्यावर मला माझी शिसारी आली.

तेव्हा उद्या दहाला संग्रहालय उघडतं, मी पावणेदहाला दारात असेन. त्यांना सांगेन की काल खोटं बोलले, निघते. त्या बाईचं कुंकू तिच्या कपाळावर दिसलं पाहिजे, माझ्या नावाच्या पाटीवर नाही. बाटली आज जरा गळली, म्हणून हाच कागद तिच्याभोवती गुंडाळून नेणार आहे. टर्पेंटाइनने शाई पसरेल तर पसरू दे.

फक्त एक दुरुस्ती करते. राग आला म्हणून धुतली नाही, असं वर लिहिलंय. राग आला होता, पण त्यासाठी नाही. बाटली उघडून, कापूस ओला करून मी त्या दिवशी बसले होते काका. मग काच उजेडात धरली. इतकं सुंदर काम माझ्या हातून तोवर कधी झालं नव्हतं, आणि ते पुसायला माझा हात होईना.