बाबांच्या आवाजाची उघडी डिस्क

डोणगाव, ता. मेहकर
दि. ३ मे

चि. सौ. मंजुश्रीस,

धम्मशीलाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. देवानंदरावांना माझा जय भीम सांग आणि त्यांची कंबर कशी आहे ते शब्दांत कळव (मागच्या खेपेला तू नुसता अंगठा पाठवलास, अंगठ्यावरून कंबर कळत नाही). इकडे बाबा ठीक आहेत. घशाच्या ऑपरेशनमध्ये बोलणं गेलं ते गेलंच, पण पाटीवर लिहून पूर्वीइतकेच हुकूम सोडतात. खरं तर फोनच करणार होते. पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की तू 'बंद करून परत चालू कर' याच्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र.

तू पुण्याहून पाठवलेला डीव्हीडी ड्राइव्ह पोचला. तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं या पंचक्रोशीतली आपली लग्नं बाबांच्या आवाजात लागली. आता १८ तारखेला त्यांच्या नातीचंच लग्न, आणि माझी उत्पला हटून बसली आहे की त्रिशरण-पंचशील आजोबांच्याच आवाजात पाहिजे, नाहीतर मांडवात उभी राहणार नाही. तो आवाज उरलाय फक्त तुझ्या लग्नाच्या डिस्कमध्ये. मग मीही पदर खोचला. म्हटलं, आवाज निघाल्याशिवाय मांडवाचा एक बांबू रोवू देणार नाही.

पहिला मान माझ्या शाळेच्या लॅपटॉपचा. तुझ्या ड्राइव्हच्या वायरीला टोकं दोन, आणि दोन्ही खोचल्याशिवाय त्याच्या अंगात जोर येत नाही. लॅपटॉपला भोकंही दोनच, त्यातल्या एकात मागच्या वर्षी पहिलीतल्या कुणीतरी चिंच भरली (कुणी ते मला माहीत आहे, पण त्याची आई सरपंचांच्या नात्यातली). एका टोकावर ड्राइव्ह थोडा टकटक करायचा, दिवा लावायचा आणि झोपायचा. मग उत्पलाचा नवा लॅपटॉप काढला. तो इतका सडपातळ की त्याला रुंद भोकच नाही, नुसती बारीक फट. मेहकरहून दोन भोकांची मधली जोडणी आणली. (दुकानदाराने आधी चार्जर दिला, मग हेडफोनची पिन दिली, तिसऱ्या खेपेला मी ड्राइव्हच त्याच्या काउंटरवर आपटला.) जोडलं, तर लॅपटॉप विचारतो, ही डिस्क कोरी आहे, हिच्यात काय भरायचं? मंजे, तुझं लग्न, पंगती, बाबा, सगळं कोरं? उत्पलाचं बोट 'हो'च्या बटणापर्यंत गेलं होतं. मी तिच्या हातावर चापट मारली. लग्नाच्या मुलीवर हात उगारू नये म्हणतात, पण उगारला.

तिथून थेट सुलतानपूर. आपला गणेश तिथे सातबारा काढून देतो, त्याचा कॉम्प्युटर जुना आणि दणकट, त्यात दोन्ही टोकं गच्च बसली. पण तो ड्राइव्हला ओळखच देईना. गणेश म्हणाला, "ताई, याले आधी ड्रायव्हर टाका लागते. डब्यात सीडी असन पाहा, तिच्यातच आहे तो." सीडी होती. आता ती लावायची कशात? त्याच ड्राइव्हमध्ये! म्हणजे ड्राइव्ह चालायला सीडी पाहिजे आणि सीडी चालायला ड्राइव्ह. शेवटी त्याने तो ड्रायव्हर नेटवरून उतरवला, ड्राइव्ह फिरला, आणि डिस्क पुन्हा कोरीच निघाली.

हरायचं मात्र नव्हतं. तुझ्या लग्नाचं शूटिंग करणारा मेहकरचा आसिफ आठवतो ना? आता स्टुडिओत मोबाइलची कव्हरं विकतो. त्याने डिस्क उजेडात धरली आणि म्हणाला, "खराब नाही ताई, उघडी आहे. भरल्यावर बंदच नाही केली. उघडी डिस्क ज्या मशीनवर भरली, तिच्यावरच चालते." मी विचारलं, काऊन नाही केली? "तुमचे बाबा भाऊरावकाकाच म्हणले, अर्धी कोरी आहे, मंजीच्या लेकराचं नामकरण बी याच्यातच भरू." आणि तू नामकरण केलंस पुण्यात! सोळा वर्षं ती डिस्क तुझ्या लेकराची वाट पाहत उघडी बसली होती. आसिफने माळ्यावरून जुना रेकॉर्डर काढला, फुंकर मारली, डिस्क सरकवली, आणि बाबा बोलले. 'नमो तस्स' एवढंच मी ऐकलं. पुढचं ऐकवलं नाही, गिऱ्हाइकांसमोर ढसाढसा रडले. त्याने तिथेच डिस्क बंद करून दिली. आता ती उत्पलाच्या लॅपटॉपवर मुकाट चालते. तुझ्या ड्राइव्हला मी जे जे बोलले ते परत घेते.

लेकरांना खूप खूप लाड.
तुझी ताई,
धम्मशीला

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बाबांना ही बातमी दिली. वाटलं, हरखतील. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'लावू नोको.' का म्हणून विचारलं, तर पाटी पुसली. मग लिहिलं, 'मंजी चालली म्हणून मले रडू आलं. चौथं शील सुटलं. भर मांडवात चारच देल्ले. तीस वर्षांत एकच डाव.' मी दार लावून पूर्ण डिस्क ऐकली. खरंच आहे. तिसऱ्यानंतर एक हुंदका, आणि एकदम पाचवं. सगळेच रडत होतो, कुणाच्या ध्यानात येणार? मंजे, मला ती डिस्क त्या हुंदक्यासकट वाजवायची आहे. तिथे थांबवीन आणि चौथं मी स्वतः माइकवर म्हणेन.

ता. क. २. आता खरं काम. पत्र मिळताच बाबांना फोन लाव (ऐकायला त्यांना उत्तम येतं) आणि सांग, तुझ्याकडेही एक प्रत आहे, तू नीट मोजलंस, पाचही शीलं आहेत. त्याशिवाय ते डिस्क लावू देणार नाहीत. मला हे सांगता येणार नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं, आणि माझ्या लग्नात बाबांनी पाचही दिली होती. तू मोकळी आहेस.