खांबावरचा सापळा

आर्डव्हेन, ९ मे १९५४

चि. ग्रिझेलला एफीताईचे अनेक आशीर्वाद.

तू विणलेले मोजे तुझ्या फार्करभावोजींना घट्ट होतात. तुला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवते.

माळावर शिकारी भोवत्या पक्ष्यांची जोडी आलीय. आजोबांनंतर इथे कुणी पाहिली नव्हती. नर धुरासारखा राखाडी. तो वरून भक्ष्य सोडतो, आणि मादी हेदरच्या झुडपांतून उठून ते हवेतच उलटी होऊन झेलते. घरटं कमरेइतक्या जुन्या हेदरमध्ये आहे.

पण मालकांच्या इस्टेटीचे कारभारी लेकीसाहेब, त्यांनीही ती पाहिली. भोवत्या रानकोंबड्यांची पिल्लं उचलतात, आणि ऑगस्टात मालकांचे बंदूकवाले पाहुणे त्या कोंबड्यांसाठीच येतात. साहेबांनी फार्करना, पक्षी येऊन बसतात त्या खांबावर लोखंडी सापळा लावायला सांगितला. कायद्यानं बंदी आहे, असं फार्करनी म्हटल्यावर साहेब म्हणाले, कायदा एडिनबरात राहतो, तुम्ही माझ्या घरात राहता.

माळाच्या राखणदाराची नोकरी गेली की घर गेलं. फार्करनी सापळा लावला. परवा त्यात घुबड सापडलं. पाय मोडून उलटं लोंबत होतं, डोळे उघडे. मीच त्याची मान मोडली, आणि घरी येऊन बटाटे सोलत बसले. दुसरं काय करणार?

तुझी,
एफीताई

डंडी, १६ मे

ती. एफीताईस शि. सा. न.

भावोजींना म्हणावं, मोजे बरोबर आहेत, पाय चुकलेत.

तुझं पत्र गिरणीत जेवणाच्या सुटीत वाचलं. ताई, तू कधीपासून गप्प बसायला लागलीस? सापळ्याचा जबडा मिटवायला एक काठी पुरते, हे मला तूच शिकवलंस. पण जपून गं. भावोजींना कळू देऊ नकोस, म्हणजे साहेबापुढे त्यांना खोटं बोलावं लागणार नाही.

लोभ आहेच, तो वाढव. आणि उत्तर लवकर धाड.

तुझी,
ग्रिझेल

आर्डव्हेन, ११ जुलै

चि. ग्रिझेलला अ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण खोटं लिहवत नव्हतं. तू म्हणालीस तेच केलं. रोज सकाळी शेळीला चरायला सोडून तशीच माळावर जायची, काठीनं सापळा मिटवायची. फार्कर संध्याकाळी तो पुन्हा उघडायचे. जेवताना दोघंही हवापाण्याचं बोलायचो. घर इतकं लहान आहे, की न बोललेलंही अंगाला घासतं.

काल लेकीसाहेब आले. माझ्या हातची ओटची भाकरी खात विचारलं, की घरट्यात चार पिल्लं धष्टपुष्ट कशी? सापळा रोज आपोआप मिटतो का? मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. तोंड उघडणार, तेवढ्यात फार्कर म्हणाले, की मीच मिटवतो. मला ते मारणं जमत नाही, साहेब.

नोव्हेंबरात घर सोडायचंय.

साहेब गेल्यावर मी रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या बुटांचे ठसे मे महिन्यापासून पायानं पुसतोय. एवढंच. मग बाहेर जाऊन सरपण फोडत राहिले. पुरेसं फोडलेलं होतं गं.

तुझी,
एफीताई

डंडी, १८ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

रडू नकोस. आमच्या जिन्यावर एक खोली रिकामी होतेय. गिरणीत पहारेकऱ्याची जागा आहे, भावोजींबद्दल मुकादमाशी बोलले. खोली कोरडी आहे, शेजारीण तेवढी चोंबडी. खिडकी गिरणीच्या भिंतीवर उघडते, पण वारा लागत नाही, हाही फायदाच.

दोघांची वाट पाहणारी,
ग्रिझेल

आर्डव्हेन, २५ जुलै

चि. ग्रिझेलला अ. आ.

खोली घे. आमच्यापुढे दुसरा रस्ता नाही.

पिल्लं उडाली. आज चौघंही वाऱ्यावर होती, आणि बाप वरून उंदीर सोडत होता. फार्करना बोलावलं तर दारातूनच पाहून आत गेले. मला वाटलं होतं, ती सुटली की आम्हालाही मोकळं वाटेल. या माणसानं चाळीस वर्षांत एकदाही दाराला कडी लावलेली नाही, आणि मी त्यांना तुझ्या जिन्यावर आणतेय.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. पगाराचं विचारलं नाही, शेजारणीचंही नाही. बराच वेळ बूट पुसत बसले. मग विचारलं, ती खिडकीपुढची भिंत किती उंच आहे. तेवढं कळव.

तुझी,
एफीताई