शेवटच्या छत्रीपर्यंत

आबा,

आज पाच दिवस झाले, मी एक शब्दही बोललेले नाही. तुम्ही असता तर आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला असता. पोरगी गप्प आहे म्हणजे ताप असणार, हे तुमचं जुनं निदान. ताप नाही. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून स्वरयंत्रावरचा एक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट येत्या सोमवारी. तोवर पाच दिवस पूर्ण मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं. मग तीन महिने हा आवाज बसलाय तो कशानं, असं मी कागदावर लिहून विचारलं, तर म्हणाले, "तेच तर बघायचंय." मोठ्या माणसांनी 'बघू' म्हटलं की आयुष्यभर मला संताप आला. त्या दिवशी मी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला.

ही वही तुमच्या नातीनं आणून दिली. तुम्ही तिला पाहिलंत ते फ्रॉकातलं, तुमच्या खांद्यावर बसून माझ्या सभांना येणारं पोर. आता ती पुण्यात नोकरी करते, स्वतः गाडी चालवते आणि मला दटावते. "घरात बसून सोमवारची वाट बघशील तर रिपोर्टच्या आधीच आजारी पडशील," म्हणाली, आणि गुरुवारी मला गाडीत घालून घाट उतरून गोव्याला घेऊन आली. तीन दिवसांसाठी. उद्या परत. वहीच्या पहिल्या पानांवर 'पंखा बंद कर', 'चहा बिनसाखरेचा', 'तुझा बाप औषध घेतोय का विचार' असलं काहीबाही आहे. सहाव्या पानापासून तुम्ही.

हे गाव श्रीमंतांचं आहे. डिसेंबरची गुलाबी थंडी म्हणतात ती इथं फक्त सकाळी तासभर असते, तरी लोक तिच्यासाठी दूरदूरहून येतात. हॉटेलपुढं गालिचा अंथरावा तशी हिरवळ, तिच्यापुढं वाळू, आणि वाळूवर एका ओळीत पांढऱ्या छत्र्या. सगळे इतकं हळू बोलतात की मला आधी वाटलं, कुणीतरी गेलंय. समुद्रालासुद्धा इथं आवाज कमी करायला सांगितलेलं असावं. एरवी मी असल्या जागी आले असते तर पहिल्या तासात भांडले असते. ही वाळू कुणाची, या छत्र्यांच्या आधी इथं कुणाच्या होड्या ओढल्या जायच्या, हे विचारल्याशिवाय मला चहा गेला नसता. यंदा मी मुकाट्यानं छत्रीखाली बसले आणि चहा प्यायले. प्रश्न घशापर्यंत आले आणि घसा आठवून परत गेले.

गंमत सांगते. ही पोरगी लहानपणापासून चारचौघांत माझा दंड धरून "आई, हळू बोल, सगळे बघतायत" म्हणत आली. हॉटेलात, दवाखान्यात, तिच्या कॉलेजात. काल जेवताना आमच्या टेबलावर अशी शांतता पसरली की तिलाच ती सोसेना. ताटात कांदा नव्हता. तिनं मान वर केली आणि त्या सगळ्या कुजबुजत्या लोकांवरून थेट हाक मारली, "ओ पावणं, कांदा आणा की जरा!" चार टेबलांवरचे काटे-चमचे थांबले. वाढणारा माणूस मात्र हसत हसत आला. "ताई, कोल्हापूरचं व्हय तुम्ही? मी गडहिंग्लजचा." मग लिंबू आलं, मिरची आली, आणि "आत ठेचा केलाय आमच्यापुरता, आणू का?" हेही झालं. मी हसले, पण बिनआवाजाचं हसणं फार भयंकर असतं, आबा. खांदे हलतात आणि आतून काहीच येत नाही. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि तिचं हसू तिथंच संपलं.

मी भ्यायलेय. तुम्ही माझ्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी आवंढा गिळून बघते, काही टोचतंय का. आरशासमोर हात आपोआप गळ्याकडं जातो. मी नको ते सगळं वाचलंय. ज्या बाईनं आयुष्यभर हाताला लागेल ते पुस्तक वाचलं, तिला या वेळी मोबाइल बाजूला ठेव म्हणून कोण अडवणार? स्वरयंत्र काढावं लागलं तर गळ्याला कायमचं भोक ठेवतात. मग एक छोटं मशीन गळ्याला टेकवून बोलायचं. त्याचा आवाज मी ऐकला. तुमच्या दुकानात पावसानं भिजलेला कर्णा जसा खरखरायचा, अगदी तसा.

तुमचं ते लाउडस्पीकरचं दुकान. पत्र्याच्या कर्ण्यांची उतरंड, तारांची भेंडोळी, गरम झालेल्या मशीनचा वास. मी नऊ वर्षांची आहे. तुम्ही मला सभेच्या टेम्पोत पुढं बसवता. शिरोळकडच्या एखाद्या गावात मंडप पडलाय, पुढारी यायला अजून दोन तास आहेत. तुम्ही मला स्टेजवर उभं करता, माइक माझ्या तोंडाइतका खाली घेता आणि म्हणता, "बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल. सकाळी काय खाल्लंस ते सांग."

मग मी त्या मोकळ्या मैदानाला सांगते, की सकाळी आमटी-भात खाल्ला, आमटी तिखट होती, आईनं वर तूप दिलं नाही. तुम्ही पाठ करून चालत जाता, सतरंज्या ओलांडून, सायकली लावल्यात त्याच्याही पलीकडं, जिथं शेवटचा माणूस उभा राहील तिथपर्यंत. तिथं वळता आणि उजवा हात वर करता. आलं ऐकू. नंतर पुढारी बोलायचे, टाळ्या घ्यायचे, पण मला ठाऊक असायचं की त्या माइकवर पहिलं भाषण माझं झालंय.

कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तुम्ही माझा आवाज बंद केला होतात, आठवतं? माइक तुमचेच होते. मी टेबलावर मूठ आपटून गर्जत होते, आणि ऐन रंगात माइक मेला. वाटलं, तार निघाली. बघते तर तुम्ही मशीनच्या बटणावर हात ठेवून शांत बसलेले. नंतर मी रडत भांडायला आले तेव्हा तुम्ही तार गुंडाळत म्हणालात, "म्होरं माइक ठेवलाय नव्हं? मग वरडतीस कुणावर? जवळच्या माणसाशी बोलावं तसं बोल. लांब न्यायचं काम माझं." आणि खिशातून कागदात बांधलेला ज्येष्ठमधाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलात. नामांकित वक्त्यांनाही तुम्ही तो द्यायचात. मला पहिल्यांदा त्या दिवशी दिलात. मी बक्षिसाचा कप कुणाला तरी देऊन टाकला, तो कागद बरीच वर्षं जपला.

पुढं मी तुमचं ऐकलं आणि लोक माझं ऐकू लागले. गावोगावच्या बायकांनी दारूचं दुकान बंद करायचं मतदान मागितलं, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून मी किती गावं पालथी घातली. तुम्ही धंदा विकून टाकला होता, तरी प्रत्येक सभेला यायचात, पोरीला खांद्यावर घेऊन पार शेवटी उभे राहायचात. मी पहिलं वाक्य बोलायची, तुमचा हात वर जायचा, आणि मग मला कुणाच्या बापाची भीती नसायची.

एका संध्याकाळी, ऊन कलताना, बोलायला उभी राहिले तोच वीज गेली. बॅटरी जोडलेली नव्हती. मी तशीच बोलत राहिले. पुढच्या दोन रांगा सोडल्या तर कुणालाच काही कळेना. मागून बायका ओरडत होत्या, "आवाज न्हाई! ओ बाई, आवाज न्हाई!" आणि त्यांच्याही मागं, ट्रॅक्टरला टेकून, तुम्ही हसत हात वर केलेला. आलं ऐकू.

तेव्हा मला कळलं. चाळीस वर्षं कर्ण्याशेजारी बसून तुमचे कान गेले होते. आई म्हणायची ते खरं होतं. तुम्ही "ऐकतोय की" म्हणून तिला गप्प करायचात. मी टेम्पोत तुमच्या शेजारी बसून घरापर्यंत आले आणि काही विचारलं नाही.

यापुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. हात तुम्ही नंतरही वर करत राहिलात, भलत्या वेळी, कधी मी पाणी पीत असतानाही. आमच्यातले एकदोघे हसायला लागले. "ताई, तुमचं वडील हात वर करून मत देत्यात काय?" असं एकानं सगळ्यांसमोर विचारलं, आणि लोकांना निर्भय व्हायला शिकवणारी मी त्या एका टोमण्याला भ्यायले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दाढी करून, टोपी घालून दारात बसला होता. मी हातानंच खूण केली, सभा रद्द. तुम्ही मान हलवली आणि टोपी काढून खुंटीला लावली. सभा रद्द नव्हती, आबा. मी गेले आणि बोलले. म्हणतात की चांगलं बोलले. शेवटच्या माणसाच्या मागं मोकळं रान होतं. त्यानंतर तुम्ही विचारलं नाहीत आणि मी बोलावलं नाही. उन्हाळ्याच्या आत तुम्ही गेलात.

त्याच गावातल्या एका बाईला मी स्टेजवरून म्हटलं होतं, "भिता कशाला? कोण खातंय तुम्हाला?" ती उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्हाला भ्या ठावंच न्हाई, तुम्हाला काय सांगू?" लोक हसले, मीही हसले. ती आता भेटली तर मी तिच्याशेजारी खाली बसेन. ऐकायला. बोलता येईल की नाही, माहीत नाही.

आज सकाळी मौनाची मुदत संपली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहाव्या दिवशी सकाळी दोन-तीन शब्द, साध्या आवाजात, बोलून बघा. चहा झाल्यावर पोरगी म्हणाली, "चल." मी वहीत लिहिलं, 'नंतर.' ती म्हणाली, "नंतर न्हाई, आत्ता." वाळूवर माणसं तुरळक होती. एक परदेशी जोडपं कुत्रं फिरवत होतं. तिनं मला पहिल्या छत्रीपाशी उभं केलं. पुण्यात इतकी वर्षं राहून 'मी जाते, मी येते' शिकलेली पोरगी एकदम कोल्हापुरी होऊन म्हणाली, "मी तिकडं जातो, शेवटच्या छत्रीपर्यंत. तू काय बी बोल. सकाळी काय खाल्लंस ते सांग. ऐकू आलं की हात वर करतो."

सहा-सात वर्षांची होती ती तेव्हा. तुमच्या खांद्यावरून तिनं तुमचा हात वर जाताना पाहिला होता, माझ्या त्या पहिल्या भाषणाची गोष्टही तुम्हीच तिला सांगितली असणार, आणि मला वाटायचं, तिला काही आठवत नाही.

ती पाठ करून चालत गेली. तुमच्यासारखीच चालते, डावा पाय जरा ओढून. शेवटच्या छत्रीपाशी ती वळली, तेव्हा मी माझ्या छत्रीचा दांडा धरून उभी होते. हजारोंच्या सभेपुढं उभं राहताना मला कधी आधार लागला नव्हता. मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही तर? किंवा फुटला आणि तो कर्ण्यासारखा निघाला तर? सोमवारच्या आधीच मला सोमवार कळला तर? समुद्र आपला एकसारखा वाजत होता. तिचा चेहरा एवढासा दिसत होता.

आणि तिनं हात वर केला.

नुसता वर केला नाही, हलवला. मग धावत आली, चपला हातात, वाळू उडवत. "आलं की ऐकू! स्पष्ट आलं!"

मी वहीत लिहिलं, 'काय ऐकलंस?'

तिनं ते वाचलं. समुद्राकडं बघितलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "आमटी-भात म्हणालीस."

न्याहारीला आम्ही इडली खाल्ली होती. मी मान हलवली. तिनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी खूप वेळ तशाच उभ्या राहिलो, त्या पांढऱ्या छत्र्यांच्या ओळीत.

आता ती पोहायला गेलीय. मी खिडकीत बसून हे लिहितेय, आणि ती यायच्या आत ही पानं फाडून पिशवीच्या तळाशी ठेवावी लागतील, कारण याच वहीत मला तिच्याकडं दुपारचा चहा मागायचा आहे. तुम्हाला पाठवायचं तरी कुठं? पण तेवढं एक कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही.

सकाळी मी नुसते ओठ हलवले, आबा. बोललेच नाही.